लाल गरुडाचा कागद

बांध साफ करायला बुनलायला तीन दिवस लागले. कापणी होऊन महिना झाला होता. भाताच्या तुकड्यात नुसती धसकटं उभी होती, वरच्या तुकड्यात शाबूकंद होता आणि उत्तरेचा कोरडा वारा असा सुटला होता की ओठ फुटून भाताच्या घासाबरोबर रक्ताची चव लागायची. मुखियानं गावच्या भोंग्यावरून सांगितलं होतं, मोजणीवाले येतील त्या दिवशी ज्याचा बांध दिसणार नाही त्याचं रान मोजायचं राहील. म्हणून ती पहाटे डोक्याला फडकं गुंडाळून विळा घेऊन निघायची आणि बारा राय, म्हणजे जवळपास पाच एकर, रानाच्या कडेनं गुडघ्यावर सरकत गवत कापत जायची. बावन्न वर्षांची बाई. गुडघे कुरकुरायचे, पण कामाला ते कधी नाही म्हणाले नाहीत.

चारी कोपऱ्यांवर तिनं बांबूच्या काठ्या रोवल्या. काठ्यांना लाल चिंधी बांधायची होती, तर तिनं नवऱ्याचा जुना लाल चौकड्याचा पंचा फाडून चार तुकडे केले. थोंगइनला जाऊन सहा वर्षं झाली होती. "मेल्यावर तरी मोजणीच्या कामाला आलास," असं ती काठीला म्हणाली आणि एकटीच हसली.

घरातल्या पत्र्याच्या डब्यात रानाचा कागद होता तो काळ्या गरुडाच्या शिक्क्याचा, अडतीस वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर नाव होतं तिच्या थोरल्या भावाचं, सम्रितचं. त्यात कुणाची लबाडी नव्हती. तेव्हा साहेब आले त्या दिवशी बाप हिवतापानं फणफणला होता, आई कोंग त्याच्या उशाशी बसलेली, बुनलाय चौदा वर्षांची. सही करता येणारा घरात एकटा सम्रित. त्यानं सही केली आणि त्याचं नाव पडलं. पुढच्या वर्षी तो समुद्राकाठच्या कारखान्यात कामाला गेला तो गेलाच. आमच्याकडची रीत अशी की धाकटी लेक घरात राहते, म्हाताऱ्यांना सांभाळते, जावई तिच्या घरी येतो आणि घर, रान तिच्याकडं जातं. बापानं मरताना ते चार माणसांत बोलूनही दाखवलं होतं. कागद डब्यात पडून राहिला आणि रान बुनलायच्या हातात. कुणाला काही वाटलं नाही.

आता सरकार काळा गरुड घेऊन लाल गरुडाचा कागद देणार होतं. मोजणीचा साहेब देवळाच्या मंडपात सभा घेऊन नीट समजावून गेला होता. काळ्या गरुडाचा कागद हा राबणाऱ्याचा कागद, तो म्हणाला. नाव कुणाचंही असू दे, जो स्वतःसाठी कसतो त्याचा हक्क. ज्याचं नाव आहे आणि जो कसतो त्या दोघांनी रानात उभं राहून माझ्यासमोर तसं सांगा, लाल कागद कसणाऱ्याच्या नावानं निघेल. पण लाल एकदा निघाला की मग नाव बोलेल, हात बोलणार नाहीत.

थोंगइन गेल्यापासून बुनलायला एकच धाक होता, की आपल्या जिवंतपणी किंवा आपल्यामागं लेकीला कुणी या रानातून ऊठ म्हणू नये. सभेहून आल्या आल्या तिनं भावाला फोन लावला. फोनवर ती हवापाण्याचं बोलली, आईचं बोलली, तांदळाचं बोलली, आणि मग मोजणीचं. सम्रित म्हणाला, "रान तुझंच की, वेडे. मी येतो आणि तसं सांगतो." फोन ठेवून ती विळ्याला धार लावायला बसली.

सम्रित आला तो एक पिशवी घेऊन. साठीचा माणूस सत्तरीचा दिसत होता. सदरा खांद्यांवरून लोंबत होता. ओट्यावर पडलेल्या आईला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, तिनं त्याचं मनगट चाचपलं आणि म्हणाली, हा काही माझ्या लेकाचा हात नव्हे, कुणीतरी बांबू आणून ठेवलाय. सगळे हसले. चार महिने म्हातारी चार घासांवर होती. त्या दिवशी लेकाच्या हातानं तिनं बांबूच्या छोट्या पाटीतला चिकट भात अर्धा संपवला.

बुनलायनं तळ्यातला एकच मोठा मासा भाजला होता. त्याच्या पोटाकडचा तुकडा तिनं भावापुढं सरकवला. तो नको म्हणाला. तिनं पुन्हा सरकवला, तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा सरकवल्यावर त्यानं घेतला. आमच्या नोनयांग गावात पहिल्यांदा कुणी हो म्हणत नाही. देणाऱ्यानं तीनदा म्हणायचं असतं, घेणाऱ्यानं दोनदा नाही म्हणायचं असतं, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं. शहरातून नवी आलेली एक मास्तरीण एकदा शेजारच्या खाम्पुनकडं आंबे घेऊन आली. खाम्पुन म्हणाली, कशाला आणलेत, नको. मास्तरीण बरं म्हणाली आणि आंबे परत घेऊन गेली. त्याला वीस वर्षं झाली, पण खाम्पुन अजून सांगते, त्या आंब्यांचा वास माझ्या नाकातून गेला नाही.

मोजणीचा दिवस उजाडला तो धुक्यात. धुकं विरलं तेव्हा रानात चौदा माणसं उभी होती. मुखिया, चारी बाजूंचे शेजारी, तिपाई खांद्यावर घेतलेले मोजणीवाले आणि हातगाडीवर सिमेंटचे चार खुंट. सम्रितनं इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याच्या शहरी बुटांना कुसळं चिकटली होती.

साहेबानं लिहायच्या फळीला कागद लावला आणि बुनलायकडं वळला. "मावशी, हे रान कोण कसतं?"

"मी."

"किती वर्षं?"

"लहानपणापासून, साहेब."

"स्वतःसाठी कसता, का कुणाच्या वतीनं?"

वारा पडला होता. बुनलायनं भावाकडं पाहिलं. आता काय म्हणायचं ते तिनं मनाशी दहा वेळा घोकलं होतं, पण घोकणं वेगळं आणि थोरला भाऊ समोर उभा असताना, चौदा माणसांच्या देखत, "माझं" म्हणणं वेगळं. त्यानं आईच्या पुण्यासाठी एक चातुर्मास भिक्षू होऊन भगवी वस्त्रं नेसली होती. तिच्या लग्नात पाहुण्यांच्या भांड्यांना तो पाणी वाहत होता. त्याच्यासमोर छाती पुढं काढून माझं रान म्हणणारी बाई नोनयांगमध्ये जन्माला आलेली नाही. आणि म्हणायची गरजही नव्हती. ती नको म्हणणार, तो घे म्हणणार. मासा द्यावा तसं सोपं काम.

"रान दादाचं आहे, साहेब," ती मान खाली घालून म्हणाली. "मी आपली राबते."

खाम्पुन गालात हसली, कारण आता पुढं काय होणार हे तिला माहीत होतं. साहेब सम्रितकडं वळला. "बरोबर?"

सम्रित बुटांवरची कुसळं बघत होता. एक कुसळ त्यानं वाकून काढलं, बोटात धरलं, पाहिलं. मग तो म्हणाला, "हो."

साहेबानं लिहिलं. मुखियानं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण भावाबहिणीच्या मधे तिसऱ्यानं बोलायचं नसतं. खाम्पुनच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच अडकून राहिलं.

पहिला खुंट ठोकला. बुनलायला वाटलं, आता म्हणेल. दुसऱ्या कोपऱ्यावर ती मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिसऱ्या कोपऱ्यावर त्यानं खोकून घसा साफ केला आणि तिचा जीव डोळ्यांत गोळा झाला, पण तो खोकलाच होता. चौथा कोपरा बांबूच्या जाळीत होता, तिथं घण चालवायला जागा नव्हती, म्हणून तिनंच फांद्या धरून ठेवल्या. मग सगळ्यांनी सह्या केल्या. कसणारी बाई म्हणून तिचीही सही घेतली. वरच्या ओळीत काय लिहिलंय ते साहेबानं वाचून दाखवलं: भावाच्या वतीनं कसते. तिनं ठळक अक्षरात सही केली. तेव्हाच पेन खाली ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कैक वेळा वाटलं.

नोटीस तीस दिवसांची होती. एक मुखियाच्या घरी चिकटवली, एक देवळाच्या मंडपात आणि एक प्लॅस्टिकमध्ये घालून रानात काठीला बांधली. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत तालुक्याला कळवा. वाऱ्यानं ते प्लॅस्टिक दिवसभर फडफडायचं आणि बुनलाय त्याच्या दहा हातांवर शाबूकंद उपटायची.

सम्रित परत गेला नाही. चार दिवस राहतो म्हणाला आणि राहिला. बहिणीबरोबर रानात यायचा. ती झाडाचा बुंधा छाटायची, त्यानं कुदळीनं माती मोकळी करायची, मग दोघांनी मिळून कंदांचा घड ओढायचा. पहिल्याच दिवशी त्याच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. तिनं काही न बोलता पंच्याच्या उरलेल्या पट्टीनं ते बांधून दिले. चार घाव घातले की तो कुदळीवर हनुवटी टेकून उभा राहायचा आणि त्याच्या छातीतून फाटक्या पिशवीसारखा आवाज यायचा. ती तिकडं बघायची नाही. दुपारी झाडाखाली दोघं एका पाटीतून भात खायचे, आंबवलेल्या माशाच्या ठेच्यात एकाच वाटीत बोटं बुडवायचे आणि लहानपणीच्या म्हशीबद्दल बोलायचे. रानाबद्दल एक अक्षर नाही. सकाळ संध्याकाळ एका छपराखाली असून त्या एका विषयापुरतं दोघांच्या तोंडाला कुलूप.

गावाच्या तोंडाला मात्र नव्हतं. खाम्पुननं तिला तळ्यावर गाठलं. "तू काय बोललीस ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि तो काय बोलला नाही तेही," ती म्हणाली. "माझे नुसते आंबे गेले होते गं." बुनलायची लेक ओराथाय खोनकेन शहरात एका दवाखान्याच्या उपाहारगृहात कामाला होती. तिचा रोज फोन यायचा. आई, तुझे हे मानपान जेवणाच्या पाटीपुरते ठेव आणि जाऊन हरकत घे, दिवस मोजतेयस ना? बुनलाय हो म्हणायची आणि विषय आजीवर न्यायची. आजी आता पोटभर जेवत होती. उठून बसत होती. माझा लेक घरी आला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी बुनलाय धुतलेलं लुगडं नेसून तालुक्याच्या गाडीत बसली. कचेरीत खिडकीपलीकडची पोरगी भली होती. तिनं अर्ज दिला आणि पेननं दाखवलं, इथं स्वतःचं नाव, इथं ज्याच्याविरुद्ध हरकत त्याचं नाव, आणि खाली लिहा की त्यांनी मोजणीच्या वेळी खोटं सांगितलं.

"खोटं त्यानं नाही सांगितलं," बुनलाय म्हणाली. "खोटं मी सांगितलं."

पोरीनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मग तसं लिहा, मावशी. बोलावून दोघांचं ऐकून घेतील."

रांगेत मागं माणसं उभी होती. बुनलायनं अर्जाची घडी घातली, घरी जाऊन लिहिते म्हणाली, बाजारात पाव किलो डुकराचं मटण घेतलं आणि परत आली.

सम्रित छपराखाली शाबूकंदाच्या काड्या लागवडीसाठी तोडत बसला होता. घडी त्यानं तिच्या हातातच ओळखली. कोयता खाली ठेवून म्हणाला, "भर तो अर्ज. मी आडवा येणार नाही."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. इतक्या दिवसांचं सगळं बोलायचं होतं, पण बाहेर आलं ते एवढंच, "दादा, नुसतं एकदा नाही म्हणायचं होतंस."

"तोंडापर्यंत आलं होतं."

"मग?"

तो काड्यांचे डोळे मोजल्यासारखे चाचपत राहिला. "सदतीस वर्षं दुसऱ्याच्या खोलीत राहिलो, लाय. ज्या यंत्रावर काम केलं ते दुसऱ्याचं. बायकोचं घर होतं, तिनं बाहेर काढलं, पोरगा तिच्याकडं राहिला. छातीचं दुखणं डॉक्टरनं बघितलं आणि गावी जायला बसचे पैसे आहेत का विचारलं, बाकी काही बोलला नाही. मी खरंच सांगायला आलो होतो, आईच्या पायाची शपथ. पण तू त्या सगळ्यांसमोर म्हणालीस, रान दादाचं आहे. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. मला ते परत देववेना."

बुनलाय रडली. पदर तोंडात कोंबून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, आवाज न करता रडली. तोही रडला. मग तो म्हणाला, माझे फार दिवस नाहीत, माझ्यामागं सगळं तुझंच, हवं तर उद्याच तालुक्याला जाऊन तसं लिहून देतो. आणि बुनलाय काय म्हणाली? जे तिच्या हाडात होतं तेच म्हणाली. "कशाला रे घाई. आधी बरा हो."

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं मटण शिजवायला घेतलं.

तिसाव्या दिवशी ती दिवसभर काड्या लावत होती. अर्ज डब्यात काळ्या गरुडाखाली कोरा पडला होता. ऊन उतरल्यावर तिनं स्वतःच्या हातानं काठीवरची नोटीस सोडली. प्लॅस्टिक चांगलं होतं, ते भोपळ्याचं बी ठेवायला घेतलं.

लाल गरुडाचे कागद उन्हाळ्यात देवळाच्या मंडपात वाटले. भोंग्यावर सम्रितचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला आणि कुणाचाही हात न धरता पुढं गेला. परत येऊन त्यानं कागद आईच्या मांडीवर ठेवला. म्हातारीनं बोटानं गरुड चाचपला, पंख लागत नाहीत हाताला असं म्हणाली, तरी खूश झाली. मग सम्रितनं दोन्ही हातांनी कागद बुनलायला दिला, डब्यात ठेव म्हणाला. ओराथाय त्या दिवशी आली नाही आणि तिनं महिनाभर फोनही केला नाही.

भात पोटरीला आला तेव्हा सम्रितनं अंथरूण धरलं. तालुक्याला जाऊ, असं तो त्या काळात एकदा म्हणाला होता. बुनलायनं त्याच्या पाठीखाली उशी सरकवली आणि ऊन कमी होऊ दे म्हणाली. कापणीच्या आधी, ओंब्या वाकल्या असताना, तो गेला. देवळाच्या स्मशानात त्याला जाळलं. आई पुन्हा चार घासांवर आली. कापणी बुनलायनं केली, एकटीनं, दरवर्षीसारखी.

शंभराव्या दिवसाच्या दानधर्माला सम्रितचा मुलगा आला. क्रित्सदा नाव. तीस वर्षांचा, नीटनेटका, बोलायला मऊ. भिक्षूंना त्यानं स्वतः वाढलं, आजीच्या पायाशी तीनदा डोकं टेकवलं. मग आत्याला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं. बाबांचं रान आता त्याच्या आणि त्याच्या आईच्या वाट्याला आलं होतं, तालुक्याला तशी नोंद सुरू होती. एवढ्या लांबून रान कोण बघणार? गिऱ्हाईक ठरलं होतं. घराला हात लावणार नव्हते. "वाईट वाटून घेऊ नका, आत्या," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. गिऱ्हाइकाला खुंट दाखवायचे होते आणि त्याला ते कुठं आहेत ते माहीत नव्हतं. तिनं आधी ते त्याला दाखवावेत, एवढीच त्याची विनंती होती.

बुनलायनं लाल गरुडाचा कागद डब्यातून काढून त्याच्या हातात दिला. लेक वकील करायचं म्हणत होती. पण साहेबाचं बोलणं बुनलायच्या ध्यानात होतं, आता नाव बोलेल. तिनं विळा कमरेला खोचला आणि ती त्याच्यापुढं रानात निघाली.

पहिला खुंट दिसला. त्याच्या भोवतीचं गवत काढलेलं होतं. महिन्यातून एकदा ती काढायची. दुसराही तसाच. क्रित्सदा मोबाइलवर फोटो घेत होता, आणि आत्या तुमचे उपकार आहेत असं म्हणत होता. तिसऱ्या खुंटापाशी त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि पांढरं पाकीट काढलं.

"बाबांचं रान तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत," तो म्हणाला. "तेवढी मजुरी समजा."

वारा पडला होता. बुनलायनं पाकिटाकडं पाहिलं. मजुरी. "नको रे बाळा," ती म्हणाली, "घरचंच काम."

"घ्या, आत्या."

"नको, खरंच नको."

तो हसला. बापाचंच हसू होतं, थोडं तिरकं. त्यानं तिचा हात धरला, तळहात उलटा केला, त्यावर पाकीट ठेवलं आणि तिची बोटं मिटवली.

"घ्या," तो म्हणाला. "तीनदा म्हटल्याशिवाय गावाकडची माणसं घेत नाहीत, तेव्हा तीनदा म्हणायचं. बाबांनीच शिकवलंय मला, लहान होतो तेव्हा."

बुनलायनं दोन्ही हातांनी पाकीट धरून कपाळाला लावलं आणि कमरेला खोचलं. चौथा खुंट बांबूच्या जाळीत होता, तिकडची वाट त्याला ठाऊक नव्हती. काटे बाजूला धरायला ती पुढं झाली.